उतरता टाका

"आई, दुपारी फार गर्दी होईल. तुम्ही सकाळीच या, निवांत बघा," असं जावयाने फोनवर सांगितलं. चार वर्षं खिडक्यांच्या जाळ्या आणि फाटकं करून त्याला कंटाळा आला होता. आता पहिल्यांदाच मोठं काम हाती आलं होतं: शाळेच्या मैदानाच्या कडेला बसायचा लोखंडी स्टँड. नऊ ओळी, सगळ्यांत वरची दोन पुरुष उंचीवर, चारशे माणसं मावतील एवढा. शनिवारी दुपारी चार वाजता शाळेच्या शर्यती होत्या आणि स्टँडही तेव्हाच खुला व्हायचा होता. सासूबाईंनी यावं, बघावं, दोन चांगले शब्द बोलावेत, एवढीच त्याची अपेक्षा. सासू चारचौघींसारखी असती तर ती पुरीही झाली असती.

पण त्याच्या सासूला लोक भट्टीबाई म्हणत, आणि ते काही उगाच नव्हे.

हे नाव त्यांना गोदीत पडलं. बोटी दुरुस्त करणाऱ्या त्या गोदीत त्या चोविसाव्या वर्षी भांडारात कामाला लागल्या. काम काय, तर वेल्डरना रॉड काढून द्यायचे. वेल्डिंगचा रॉड म्हणजे आत लोखंडाची सळई आणि वर मसाल्याचा लेप. हा लेप हवेतली ओल पितो, आणि ओला रॉड पेटवला की ती ओल वितळलेल्या लोखंडात शिरते. जोडाला टाचणीने टोचावीत तशी भोकं पडतात, कधी दुसऱ्या दिवशी आतून तडाही जातो. म्हणून बोटीच्या कामाचे रॉड भट्टीत तीनशे अंशांवर भाजून मग गरमच ठेवलेले असत. वेल्डरने आपला गरम डबा घेऊन यायचं, चार तासांत जळतील तेवढेच न्यायचे, उरलेले परत आणायचे. "बाई, दोन जास्त द्या हो," म्हणत कोणी लाडीगोडी लावली तरी भट्टीबाई बधत नसत. जमिनीवर पडलेला रॉड कोणी गुपचूप परत डब्यात सरकवला तर त्या तो सगळ्यांदेखत मोडून टाकत. वेल्डर मागे शिव्या घालत आणि पुढे रांगेत उभे राहत.

अशी सात वर्षं गेली. एकदा जेवणाच्या सुट्टीत म्हाताऱ्या फोरमनने त्यांच्या हातात रॉड धरायचा होल्डर दिला. म्हणाला, "सात वर्षं दुसऱ्यांना सरपण पुरवलंत, आता स्वतः चूल पेटवून बघा." त्यांनी जोडलेली पहिली पट्टी फोरमनने शेगड्यात, म्हणजे लोखंडी पकडीत, धरली आणि हातोडीच्या एका घावात मोडली. दुसरी मोडली, तिसरी मोडली. ओळीने वीस पट्ट्या मोडल्या. दर वेळी तो तुटलेला भाग त्यांच्या नाकासमोर धरायचा आणि म्हणायचा, "बघा, वरून कीर्तन, आतून तमाशा." एकविसावी पट्टी वाकली, पण तुटली नाही. त्या दिवसापासून पुढची एकवीस वर्षं भट्टीबाईंनी बोटींच्या तळाचे पत्रे जोडले. घरी नवरा शिंपी. तो मशीनवर वाकल्या वाकल्या चेष्टा करायचा, "टाके घालून पोट भरणारं घर आपलं. फरक एवढाच की माझा टाका उसवला तर लाज जाते, तुझा उसवला तर जीव."

तर अशी ही बाई, निवृत्त होऊन आठ महिने झालेली, त्या शनिवारी सकाळी नऊ वाजता मैदानावर पोचली.

जावयाने खुर्ची मांडली, पाणी आणून दिलं. स्टँड चंदेरी रंगात चमकत होता, रंगाचा वास अजून गेला नव्हता. त्याचा मिस्त्री एका टोकाला कठड्याचा शेवटचा जोड मारत होता. भट्टीबाई खुर्चीत काही बसल्या नाहीत. चष्मा पुसत त्या स्टँडच्या मागच्या अंगाला, खांबांच्या रांगेत शिरल्या.

रचना साधी होती. आठ खांब, प्रत्येक खांबाला नऊ टेके, आणि त्या टेक्यांवर बसायच्या फळ्या. बहात्तर टेके. सगळा भार टेका जिथे खांबाला चिकटतो तिथल्या दोन उभ्या जोडांवर. भट्टीबाईंनी पहिल्या टेक्याचा जोड बघितला. देखणा होता. नाण्यांची चळत आडवी पाडावी तशा बारीक, एकसारख्या लाटा. पण त्या लाटांचा कल खाली होता, म्हणजे जोड वरून खाली ओढत आणलेला होता. त्यांनी कडेवरून अंगठ्याचं नख फिरवलं. कडेला लोखंड खांबात मिसळून सपाट व्हायला हवं, तिथे नख आत अडकलं. दुसऱ्या टेक्याचं तेच, तिसऱ्याचंही. पाचव्या टेक्यावर चंदेरी रंगातून मोहरीएवढे तीन तांबूस ठिपके वर आले होते. रंगाखाली भोकं होती आणि त्यांतून गंज बाहेर डोकावत होता.

 त्यांनी मान वळवून मिस्त्रीच्या मशीनकडे बघितलं. विजेची वायर मैदानापलीकडच्या खोलीतून आणलेली, आणि उरलेली निम्मी तशीच गुंडाळी करून गवतात ठेवलेली. अर्थिंगचा चिमटा रंगवलेल्या खांबावर रंग न खरवडताच लावलेला. रॉडचा पुडा फोडून दंवाने ओल्या झालेल्या गवतावर पसरलेला.

आता पंचाईत अशी की चूक मिस्त्रीची असो की कोणाची, सांगायची होती जावयाला. जावई म्हणजे पत्रिकेतला दहावा ग्रह, त्याची शांत करता करता भल्याभल्यांचे केस पिकतात. त्यात या जावयाशी लग्नाच्या वेळी थोडं वाजलेलं. भट्टीबाईंच्या मनात लेकीसाठी दुसरंच स्थळ होतं, आणि ही गोष्ट कोणीतरी त्याच्या कानावर घातली होती.

"जावईबापू, जरा मागे येता का?"

तो हसत आला. "काय आई, आवडलं ना?"

"रंग छान बसलाय."

सासू रंगाचं कौतुक करायला लागली की पुढे काहीतरी वाढून ठेवलंय, हे त्याला कळलं. हसू तिथेच थांबलं.

"हे उभे जोड वरून खाली मारलेत का?" त्यांनी विचारलं.

"हो. मिस्त्रीचा हात त्यातच बसलाय. बघा ना, कसे दोरीत आलेत."

"जाळीला शोभतात. पातळ पत्र्याला तर तसेच मारावेत, भोक पडत नाही. पण ही दहा मिलीमीटरची पट्टी आहे. वरून खाली येताना वितळलेला मसाला रॉडच्या पुढे पळतो आणि लोखंड त्याच्यावर जाऊन बसतं. खालचा खांब वितळतच नाही. जाड लोखंडाला खालून वर चढत जावं लागतं. दिसायला ओबडधोबड दिसतं, पण धरतं."

"आई, एकशे तीस अँपिअरवर केलंय सगळं. मशीनवर आकडा दिसतो."

"मशीनवर दिसतो हो. रॉडच्या टोकाशी किती पोचतो? एवढी लांब, बारीक वायर, त्यात गुंडाळी. हात लावून बघा, तापलेली असेल. चिमटा रंगावर लावलाय. निम्मी ताकद वाटेतच जातेय."

त्याने वायरला हात लावला नाही. "इंजिनिअरने सही केली आहे."

"कागदावर केली. इथे खाली वाकून बघितलं का त्यांनी?"

"बोटीची गोष्ट वेगळी, आई. हा बसायचा बाक आहे."

"एक टेका कापून बघू या. एकच. चांगला निघाला तर मी तुमची माफी मागेन."

"आज? चार वाजता लोक येणार आहेत!"

"म्हणून तर म्हणते."

त्याचा चेहरा लाल झाला. आवाज चढवला नाही त्याने, पण शब्द मोजून टाकले. "तुम्हाला माझं काही पटतच नाही. तेव्हा माणूस पटला नव्हता, आता काम पटत नाही." एवढं बोलून तो मिस्त्रीकडे निघून गेला.

भट्टीबाई खांबाला हात लावून तिथेच उभ्या राहिल्या. इकडे आड, तिकडे विहीर. शाळेच्या मोठ्या बाईंना जाऊन सांगावं, तर जावयाचं नाव पहिल्याच मोठ्या कामात मातीत जाणार. लेक याच शाळेत गाणं शिकवत होती. हे काम तिच्याच शब्दावर मिळालेलं, म्हणजे तिलाही चार लोकांत मान खाली घालावी लागणार आणि घरात जे होईल ते वेगळंच. न सांगावं, तर... त्यांनी वर बघितलं. फळ्यांच्या फटींतून आकाशाच्या पट्ट्या दिसत होत्या. आधी मिस्त्रीशी बोलावं, जावई जरा शांत झाला की पुन्हा विषय काढावा, चारपर्यंत वेळ आहे, अशी त्यांनी मनाची समजूत घातली. दहा मिनिटं गेली असतील.

तेवढ्यात घंटा झाली आणि डोक्यावर पावलं वाजायला लागली.

भट्टीबाईंना आधी कळेना काय चाललंय. मग फटींतून पांढरे मोजे दिसले. लेक गाण्याच्या तालमीसाठी साठ मुलांना घेऊन आली होती आणि मुलं दोन्ही टोकांनी भराभर चढत होती. "उंच मुलं मागे! ढकलाढकली नको!" लेकीचा आवाज वरच्या ओळींतून येत होता. ती स्वतः सातव्या ओळीत, मधोमध उभी राहून मुलांना जागा दाखवत होती.

मग त्यांनी ताल धरला. साठ मुलांनी एकदम उजवा पाय आपटला.

रंगाचा एक पापुद्रा भट्टीबाईंच्या चष्म्यावर पडला. दुसऱ्यांदा पाय आपटले आणि कुठेतरी 'टक्' असा आवाज झाला. फार मोठा नव्हता, दाराची कडी सरकवावी एवढाच. पण आठ महिन्यांपूर्वीपर्यंत ज्या कानांना दिवसभर लोखंडच ऐकायची सवय होती, ते कान लगेच टवकारले. त्यांनी एकेक टेका बघत नजर वर नेली. चौथा खांब, सातवी ओळ. जोडाच्या वरच्या टोकाला चंदेरी रंगात केसाएवढी काळी रेघ पडली होती. पुन्हा पाय आपटले आणि रेघ बोटभर खाली आली.

ओरडावं असं त्यांच्या जिभेवर आलं होतं. पण ओरडलं की साठ मुलं एकदम पळणार, उड्या मारणार, आणि एका टेक्याचा भार शेजारच्या दोघांवर धाडकन पडणार. शेजारचेही त्याच हाताने मारलेले. भट्टीबाई खांबांतून वाट काढत पुढे आल्या, धावायचं नाही असं पायांना बजावत. समोर येऊन त्यांनी मान वर केली.

"बाळ," त्या म्हणाल्या, "मुलांना गप्प उभं कर. पाय आपटू देऊ नकोस."

लेक वैतागून वळली. "आई, आत्ता कुठे सुरुवात केली..." आणि मध्येच थांबली. ती पाचवीत गेल्यापासून आईने तिला 'बाळ' म्हटलं नव्हतं.

"तुझ्या पायाखालचा टेका सुटतोय," भट्टीबाई त्याच आवाजात म्हणाल्या. "मधल्यांना आधी बाजूला सरकव, टोकांकडे. मग एकेक करून खाली. कोणी पळायचं नाही."

लेकीचा चेहरा पांढरा पडला, पण आईसारखीच तीही मनातलं बाहेर पडू देणारी नव्हती. तिने टाळी वाजवली. "आता गाणं थांबलं! नवीन खेळ. मांजराच्या पावलांनी उतरायचं. ज्याच्या पायाचा आवाज येईल तो बाद. मधले आधी, हळूच बाजूला. शू!"

मुलं खुसखुसत, हात पसरून, चवड्यांवर चालू लागली. भट्टीबाई पुन्हा मागे धावल्या, आता मात्र खरंच धावल्या. जावई आणि मिस्त्री आवाज ऐकून आले होते. जावयाने वर बघितलं. रेघ आता अर्ध्या जोडाच्या खाली गेली होती आणि टेक्याचं पुढचं टोक किंचित कललं होतं. 

"स्लॅबखाली लावायचे लोखंडी टेकू आहेत ना तुमच्याकडे?" भट्टीबाईंनी विचारलं. "आणा. दोघांनी धरून, फळीखाली उभा करा. हळू वर घ्या, फळीला धक्का नको."

मिस्त्रीने टेकू आणला. जावई त्या फळीखाली शिरला. "तुम्ही बाहेर व्हा, आई," तो म्हणाला. भट्टीबाई हलल्या नाहीत. त्या रेघेकडे बघत बोलत राहिल्या, "अजून चार बोटं वर घ्या... अजून दोन... आता फिरवा आटे." आटे जावयाच्या हातून दोनदा निसटले. वरून पावलांची सरसर ऐकू येत होती, मग तीही विरळ होत गेली. सातव्या ओळीवर आता एकच माणूस उरलं होतं. लेक शेवटच्या मुलाच्या मागून निघाली. तिने चौथ्या खांबावरून पाय उचलला आणि पुढे टाकला, तोच टेका तुटला.

फळी दोन बोटं खाली आली आणि टेकूवर आपटून थांबली. तुटलेला टेका जावयाच्या खांद्याला घासून जमिनीत रुतला. वर लेक कठड्याला धरून वाकली होती.  मग ती एकेक पायरी करत खाली उतरली, गवतावर बसली, आणि साठ मुलं तिच्याभोवती "कोण बाद झालं, बाई?" म्हणून गलका करू लागली.

जावयाने तो टेका उचलला. भट्टीबाईंना काही दाखवावं लागलं नाही. तुटलेल्या जोडाचा अर्धा भाग काळा, काचेसारखा चकचकीत होता. आत अडकलेला मसाला तो. आणि खांबावर जिथे जोड बसला होता तिथे कारखान्यातून आलेली लोखंडाची निळसर साल जशीच्या तशी होती. एवढं सगळं वितळवूनही खांबाला धग लागलीच नव्हती.

तोवर मोठ्या बाई धापा टाकत आल्या. मुलांना काही झालं नाही हे कळल्यावर त्यांना चार वाजताची आठवण झाली. पाहुणे, पालक, छापलेल्या पत्रिका! मिस्त्री चाचरत म्हणाला, "एकच गेलाय, बाई. तासाभरात पक्का करून देतो."

मोठ्या बाईंनी जावयाकडे बघितलं. भट्टीबाईंनी मुद्दाम खाली मान घातली. आता बोलायचं तर त्यानेच. त्याने हातातला तुकडा फिरवून त्याचा काळा भाग मोठ्या बाईंसमोर धरला.

"उरलेले एकाहत्तर असेच आहेत," तो शेवटी म्हणाला. "माझ्या देखरेखीखाली झालेत. आज यावर कोणी चढायचं नाही. मी दोर बांधतो."

मोठ्या बाईंनी सगळ्यांसमोर त्याची जी काही खरडपट्टी काढली ती त्याने उभं राहून ऐकून घेतली. मग खरंच दोर बांधला. वर्गातले बाक मैदानात आणायला स्वतः हात लावला. चार वाजता पालक बाकांवर आणि गवतावर बसले, मुलं धावली, बक्षिसं झाली, आणि दोराच्या आतला तो चंदेरी स्टँड रिकामाच राहिला. ज्याला त्याला तो दिसत होता, आणि तो कोणी बांधला हे ज्याला त्याला माहीत होतं.

पुढचे तीन दिवस जावयाचा फोन नाही. लेकीचा आला, पण ती इकडचं तिकडचं बोलली. चौथ्या दिवशी सकाळी तो दारात उभा. शिंपीबुवा कोणाचं तरी माप घेत होते, त्यांनी टेपनेच आत खूण केली. जावई आत येऊन बसला, पाणी प्यायला, आणि माफी वगैरे काही न मागता म्हणाला, "रॉड कोणते आणू?"

भट्टीबाईंनी लगेच कागद पुढे ओढला. लो हायड्रोजनचे आणा, बोटीला वापरायचो तसलेच, बंद डब्यातले, सव्वातीन मिलीमीटरचे. मोकळ्या पुड्यातले नकोत. डबा फोडला की गरम पेटीतच ठेवायचे. होल्डरची वायर मशीनच्या प्लस टोकाला जोडा. वायर जाड घ्या आणि पूर्ण उलगडून टाका. चिमट्याखालचा रंग घासून लोखंड चकचकीत करा, आणि चिमटा जोडाच्या जवळ लावा. आकडा मशीनवर बघून ठरवू नका. एका भंगार पट्टीवर जोड मारून, ती मोडून, मग ठरवा. उभ्या जोडाला आडव्यापेक्षा थोडा कमीच लागेल. तो लिहून घेत होता. मध्येच त्याने विचारलं, "आणि मिस्त्री?"

"त्यालाही शिकवू. माझ्या वीस मोडल्या होत्या."

मिस्त्रीच्या चौतीस मोडल्या. पंचेचाळीस वर्षांचा माणूस, वीस वर्षं वरून खाली हात फिरलेला, त्याला खालून वर जाणं म्हणजे डाव्या हाताने जेवण्यासारखं. पहिल्या दिवशी त्याच्या जोडातून लोखंड मेणासारखं ओघळून खाली लोंबलं. दुसऱ्या दिवशी त्याने होल्डर आपटला आणि म्हणाला, "बाई, मी जातो." भट्टीबाई म्हणाल्या, "जा. पण जायच्या आधी हा एक मार." त्या त्याच्या शेजारी मास्क चढवून बसल्या. "उजेडाकडे बघू नकोस, खाली जे डबकं तयार होतं त्याच्याकडे बघ. रॉडचं टोक जवळ ठेव, रॉडच्या जाडीएवढंच अंतर. लांब गेलास की आवाज फुटेल, थुंकायला लागेल. ऐक. तळणीसारखा एकसारखा आवाज हवा. आता एका कडेला थांब. एक, दोन. मधून पटकन जा. दुसऱ्या कडेला थांब. खालचं घट्ट होऊ दे, मग त्याच्यावर पाय ठेवून वर चढ, जिना चढतोस तसा." तोही जोड शेगड्यात मोडला, पण दोन घाव लागले. मिस्त्री गेला नाही.

नंतर अकरा दिवस काम चाललं. प्रत्येक जुना जोड ग्राइंडरने शुद्ध लोखंड लागेपर्यंत घासून काढायचा, आसपासचा रंग काढायचा, मग पहिला थर, त्यावरचा मसाला हातोडीने फोडून तारेच्या ब्रशने साफ, मग दुसरा थर. मसाल्याचा एक कण राहिला तरी भट्टीबाई पुन्हा घासायला लावत. मुलांनी उजेडाकडे बघू नये म्हणून चारी बाजूंनी ताडपत्र्या बांधल्या होत्या. त्या ताडपत्र्यांच्या आत उकाडा असा की मास्क काढला की हनुवटीवरून घाम ठिबकायचा. जावई स्वतः मिस्त्रीच्या बरोबरीने होल्डर धरत होता. सासू-जावयाचं बोलणं जोडापुरतंच होई. "हा बघा." "पुन्हा घासा." "बरं." दर दहा टेक्यांमागे एक टेका कापून मोडायचा, हे भट्टीबाईंनी ठरवलं होतं. कापलेल्यांपैकी एकही मोडला नाही, सगळे वाकले. तरी रात्री त्यांना झोप लागत नसे.

शेवटी वाळूच्या पोत्यांचा दिवस आला. मोठ्या बाईंनी या वेळी इंजिनिअरला खाली वाकून प्रत्येक जोड बघायला लावलं होतं. चारशे माणसांचं वजन, वर आणखी निम्मं, एवढी वाळू फळ्यांवर चढवायची आणि एक दिवस तशीच ठेवायची. प्रत्येक टेक्याखाली ताणून दोरा बांधला होता, टेका किती झुकतो ते मोजायला. पोती चढायला लागली. फळ्या करकरल्या. सातव्या ओळीवर चौथ्या खांबापाशी पोतं ठेवताना जावयाने श्वास रोखून धरला होता. कुठेही 'टक्' झालं नाही. टेके दोन-तीन मिलीमीटर झुकले आणि तिथेच थांबले.

त्या दिवशी दोघं पाळत ठेवायला मैदानावरच थांबले. संध्याकाळ झाली, मिस्त्री घरी गेला. भट्टीबाई म्हणाल्या, "जावईबापू, तुम्हाला एक सांगायचंय. त्या दिवशी तुम्ही गेल्यावर मी दहा मिनिटं खालीच उभी होते. मोठ्या बाईंकडे गेले नाही. तुमचं नाव जाईल, घरात भांडण होईल, म्हणून. त्या दहा मिनिटांत मुलं वर चढली."

जावयाने एका टेक्याखालचा दोरा चाचपून बघितला. मग म्हणाला, "मलाही शंका आली होती, आई. रंग द्यायच्या दोन दिवस आधी. एका जोडाची कड नखाला लागली होती. मिस्त्रीला विचारलं तर तो म्हणाला, असंच असतं. मला ते ऐकायचंच होतं. मग मी रंग जाड मारायला सांगितला."

भट्टीबाईंनी त्याच्याकडे बघितलं. रागवायचा हक्क होता त्यांना, आणि राग आलाही. साठ मुलं, त्यांत आपली लेक. पण त्या एवढंच म्हणाल्या, "हे तिला सांगितलंत?"

"अजून नाही."

"आज सांगा."

त्याने सांगितलं. लेक आठ दिवस माहेरी येऊन राहिली. बापाच्या शिलाई मशीनपाशी बसून तिने काजं केली आणि कोणाशी फारसं बोलली नाही. भट्टीबाईंनी मध्ये तोंड घातलं नाही. नवव्या दिवशी ती आपणहून गेली.

इकडे मैदानावर, त्या पाळतीनंतरच्या सकाळी पोती उतरवली तेव्हा दोरे मोजले होते. टेके जिथल्या तिथे परत आले होते. इंजिनिअरने सही केली, मोठ्या बाईंनीही केली, पण हसल्या नाहीत. पुढच्या वर्षीचं सायकलींच्या शेडचं काम त्यांनी दुसऱ्याला दिलं. जावयाला ते लागलं. त्याच्या कारखान्यात आता एक छोटी भट्टी आहे, आणि मंगळवार-शुक्रवार भट्टीबाई तिथे जातात. उभे जोड खालून वर मारायचे, याबद्दल आता वाद नाही. वाद असतो तो अर्धवट जळालेल्या रॉडच्या तुकड्यांवरून. त्यांच्या मते जावई अजूनही फार लांब तुकडे फेकून देतो, आणि त्याच्या मते सासूबाईंना भांडायला काहीतरी लागतंच.